चढ लागण्यापूर्वी जनित्र: हर्सूलहून लांबचा प्रवास आणि रेंज एक्स्टेंडरची मोटार

रेंज एक्स्टेंडर असलेल्या विद्युत मोटारीची चाके विजेच्या मोटरवर फिरतात, पण बॅटरी उतरू लागली की गाडीतच बसवलेले एक लहान पेट्रोल इंजिन जनित्र फिरवते आणि त्या जनित्राची वीज प्रवास पुढे चालू ठेवते. नेहमीच्या हायब्रिड मोटारीत इंजिन गरजेप्रमाणे चाकांनाही जोर देते. या प्रकारात मात्र इंजिनाचा चाकांशी थेट संबंध नसतो, त्याचे काम केवळ वीज तयार करण्याचे असते. या रचनेमुळे असा समज सहज रूढ होतो की टाकीत पेट्रोल आहे तोवर अशा मोटारीच्या मालकाने वाटेची चिंता करण्याचे कारण नाही. हा समज बाळगून जे घाटाला लागले, त्यांच्यापैकी अनेकांना इंजिन घरघरत असताना आणि टाकीत पुरेसे पेट्रोल असताना भर महामार्गावर गाडीचा वेग गमवावा लागला आहे.

बीएमडब्ल्यू कंपनीने 2013 मध्ये बाजारात आणलेली आय-थ्री ही मोटार याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. तिच्या एका आवृत्तीत स्कूटरसाठी घडवलेले 647 घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे इंजिन जनित्रासाठी वापरले होते आणि त्याची शक्ती सुमारे 25 किलोवॉट होती. युरोपातील चालकाला बॅटरी पाऊण भरलेली असतानाच हे इंजिन हाताने चालू करून उरलेली वीज राखून ठेवता येत असे, तर अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत तेथील नियमांच्या चौकटीमुळे बॅटरी जवळजवळ तळाला गेल्यावरच ते आपोआप चालू होई. अमेरिकेतील लांब चढांवर अशा गाड्या एकाएकी मंदावल्याच्या तक्रारी झाल्या आणि 2016 मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. गाडी तीच, इंजिन तेच, पेट्रोलही तेच. फरक होता तो जनित्र कोणत्या क्षणी चालू झाले एवढाच, आणि अशा मोटारीने दूरचा प्रवास आखताना याच फरकाला सर्वाधिक महत्त्व दिले पाहिजे.

भारतीय रस्त्यांवर हा प्रकार अद्याप रुळलेला नाही, तरी छत्रपती संभाजीनगरात त्याचा विचार आतापासून करण्यास सबळ कारण आहे. 2022 मध्ये येथील उद्योजक व व्यावसायिकांनी हरित वाहतुकीची मोहीम उभारून विद्युत मोटारींची सामूहिक खरेदी घडवून आणली, आणि 2024 मध्ये बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रासाठी टोयोटा किर्लोस्कर व जेएसडब्ल्यू यांचे विद्युत आणि हायब्रिड वाहनांचे प्रकल्प जाहीर झाले. शहराच्या उत्तर टोकाला जळगाव रस्त्यावर वसलेल्या हर्सूलचे स्थान तर अशा मोटारीची परीक्षा पाहणारेच आहे, कारण हर्सूल ओलांडून थोडे पुढे गेले की सावंगीला समृद्धी महामार्गाचे इंटरचेंज लागते, आणि तसेच सरळ गेले की सिल्लोडमार्गे अजिंठ्याच्या डोंगररांगेचा घाट उतरावा लागतो. एका वाटेवर वेग वीज खातो, दुसऱ्या वाटेवर चढ.

समृद्धी महामार्ग 5 जून 2025 रोजी नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमणेपर्यंत, म्हणजे 701 किलोमीटर, पूर्ण खुला झाला, आणि सपाट भागात मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा असल्याने बहुतेक चालक काटा तेथेच ठेवतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 80 वरून 120 वर गेल्यास वेग दीडपट होतो, पण विरोध सव्वादोन पट होतो. सुमारे सतराशे किलो वजनाच्या मध्यम मोटारीचा ढोबळ हिशेब मांडला, तर ताशी 80 किलोमीटरने शंभर किलोमीटर जाण्यास पंधरा युनिटच्या आसपास वीज पुरते (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास), तर 120 ने तेच अंतर कापण्यास बावीस-तेवीस युनिट लागतात. आणि 120 चा वेग टिकवण्यासाठी वातानुकूलनासह सतत पंचवीस किलोवॉटहून अधिक शक्ती द्यावी लागते. याचा अर्थ असा की लहान जनित्र सपाट रस्त्यावरही या वेगाला जेमतेम पुरते आणि बॅटरीत काही साठवण्याची ताकद त्याच्याकडे उरत नाही. म्हणून अशी मोटार घेताना टाकी किती लिटरची हे विचारण्याआधी जनित्र किती किलोवॉटचे हे विचारावे. टाकीवरून किती दूर जाता येईल हे कळते, पण कोणत्या वेगाने जाता येईल हे जनित्राची शक्तीच ठरवते.

या मार्गावर खरी कसोटी लागते ती परतीच्या प्रवासात. मुंबईकडे जाताना इगतपुरीपर्यंतचा पठारी रस्ता थोड्याफार चढउताराचा आहे आणि पुढे सह्याद्रीचा उतार असल्याने मोटर स्वतःच जनित्रासारखी चालून बॅटरीत वीज परत भरते, त्यामुळे आमण्याला पोहोचणाऱ्या चालकाला गाडी फारच काटकसरी वाटू लागते. परतताना शहरातली गर्दी, वातानुकूलन आणि चार्जर मोकळा न मिळणे यांमुळे बॅटरी आधीच उतरलेली असते आणि तशा अवस्थेत कोकणातून इगतपुरीच्या पठारापर्यंत सुमारे पाचशे मीटर उंची चढायची असते. केवळ ती उंची गाठण्यासाठीच उपरोक्त मोटारीला सव्वादोन युनिटहून अधिक ऊर्जा चाकांपाशी लागते, आणि ती अंतर कापण्यासाठी लागणाऱ्या विजेशिवायची असते. दर शंभर मीटरला दोन मीटर असा चढ धरला, तर ताशी 100 च्या वेगाला सत्तावीस-अठ्ठावीस किलोवॉट लागतात, ताशी 80 ला वीसच्या आत भागते. पंचवीस किलोवॉटचे जनित्र पहिल्या वेगाला अपुरे आणि दुसऱ्याला पुरेसे आहे. तेव्हा परतीच्या चालकाने आमण्यापूर्वीच जनित्र चालू करून बॅटरीची पातळी धरून ठेवावी, निम्म्याच्या खाली ती जाऊ देऊ नये, आणि तरीही ती तुटपुंजी असेल तर डाव्या लेनने ताशी 80 ने चढावे. पाठीमागे ट्रकांची रांग असताना वाटेतील बोगद्याच्या आत वेग गमावणे ही केवळ गैरसोय नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

अजिंठ्याच्या वाटेचा हिशेब याच धर्तीचा, फक्त लहान आकड्यांचा आहे. जळगावला जाताना फर्दापूरचा घाट उतरायचा असतो आणि परत येताना चढायचा असतो, त्यामुळे जाताना लागलेल्या विजेची दुप्पट करून फेरीचा अंदाज बांधणारा चालक घाटाच्या पायथ्याशी फसतो. चाळीसगावहून कन्नडचा औट्रम घाट चढणाऱ्यालाही हेच लागू आहे.

निघण्याची तयारी आदल्या रात्री घरातच सुरू होते. हर्सूलच्या पुष्कळ घरांत चार्जिंग 15 अँपिअरच्या साध्या प्लगवर होते, त्यातून तासाला सुमारे तीन युनिट मिळतात, म्हणजे आठ तासांत चोवीस; परंतु अर्थिंग कच्चे असेल किंवा व्होल्टेज फार खाली गेले तर चार्जर स्वतःला बंद करून घेतो आणि सकाळी गाडी अर्धीच भरलेली आढळते. झोपण्यापूर्वी चार्जरवरचा दिवा पाहण्याने हे संकट टळत नाही, कारण तो दिवा मध्यरात्रीनंतरही विझू शकतो. मोबाइलवरील सूचना चालू ठेवणे, आणि त्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे, हाच खात्रीचा उपाय आहे. वाटेतल्या जलद चार्जरवर ऐंशी टक्क्यांनंतर भरण्याचा वेग बराच मंदावतो, म्हणून तेथे शंभर टक्क्यांसाठी थांबण्यात अर्थ नाही. दिवाळीच्या सुट्टीत चार्जरपुढे रांग लागलेली असताना तीत न अडकता पुढे निघता येणे, हे जनित्राचे खरे मोल आहे, आणि ते फार मोठे आहे.

मात्र जे इंजिन महिनोन्महिने चालत नाही, त्याच्या टाकीतले पेट्रोल शिळे होते. आता देशभर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलला हवेतील ओलावा शोषण्याची सवय असल्याने पावसाळ्यानंतर टाकीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. काही मोटारी ठरावीक काळाने इंजिन आपोआप थोडा वेळ चालवतात. त्या वेळी बिघाड समजून ते बंद पाडू नये. शहरातच फिरणाऱ्याने टाकी काठोकाठ भरून ठेवू नये, लांबच्या प्रवासाआधी ताजे पेट्रोल घ्यावे आणि जळगाव रस्त्यावर एकदा जनित्र चालवून पाहावे. बंदिस्त टाकीच्या गाड्यांत झाकण लगेच उघडत नाही, आधी बटण दाबून दाब उतरण्याची वाट पाहावी लागते. पंपावर माणूस ताटकळत असताना हे प्रथमच शिकण्याची वेळ येऊ नये. राज्याच्या 2025 च्या विद्युत वाहन धोरणात समृद्धीवरील टोलमाफी आहे, परंतु पेट्रोल इंजिन बाळगणारी मोटार तिच्या कक्षेत येते असे गृहीत न धरता फास्टॅगमध्ये पुरेशी रक्कम ठेवूनच सावंगीला चढावे.