परसातील गाणारे पक्षी : ओळख व निवारा

मुळशी तालुक्यातील जांबे हे गाव हिंजवडी, मारुंजी व पुनावळे या वाढत्या वस्त्यांच्या शेजारी वसलेले आहे. या पट्ट्यात शेतजमिनीवर इमारती उभ्या राहत असून जुनी दगडमातीची कौलारू घरे जाऊन सपाट छपराची सिमेंटची घरे येत आहेत. या बदलाचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. भिंतीतील भोके, कौलांखालच्या फटी व बांधावरची काटेरी कुंपणे नाहीशी झाली की परसात गाणाऱ्या पाखरांना घरटे करण्यास जागा उरत नाही. झाडे पुष्कळ असूनही पहाटेचे गाणे ऐकू येत नाही, अशी तक्रार जेथे ऐकू येते तेथे बहुधा हेच कारण असते.

हे पक्षी केवळ गोड गळ्यासाठी जपावयाचे नाहीत. यांपैकी बहुतेक पक्षी आपल्या पिलांना अळ्या, नाकतोडे, कोळी असे मऊ भक्ष्य भरवितात. दाणे टिपणारी चिमणीदेखील पिलांना प्रथम किडेच चारते. १९५८ साली चीनमध्ये, चिमण्या धान्य खातात म्हणून त्यांचा देशभर संहार करण्यात आला. पुढे किडींचा उपद्रव वाढला, आणि १९६० साली उपद्रवी प्राण्यांच्या यादीतून चिमणीचे नाव काढून तेथे ढेकणाचे नाव घालावे लागले. अर्थात चार पक्षी परसात आले म्हणजे भाजीवर कीड पडणारच नाही, असे कोणी समजू नये. कीड आटोक्यात ठेवण्यास त्यांचे साहाय्य होते, इतकेच खरे.

गाणाऱ्या पक्ष्यांत पहिला मान दयाळाचा. हा बुलबुलाएवढा पक्षी असून नर चकचकीत काळा व पांढरा असतो. डोके, छाती व पाठ काळी, पोट पांढरे, पंखावर लांब पांढरा पट्टा आणि उभ्या शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या. मादीच्या अंगावर काळ्याऐवजी राखी रंग असतो. थंडीत हा पक्षी कुंपणाच्या सावलीत गुपचूप वावरतो व मधूनच कर्कश आवाज काढतो. त्यामुळे तो गावात नाहीच असा समज होतो. फाल्गुन लागला की तोच नर पहाटे अंधार असतानाच विजेच्या खांबावर अथवा झाडाच्या शेंड्यावर बसून गाऊ लागतो. इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कलही तो आपल्या गाण्यात मिसळतो. बांगलादेशाने यालाच आपला राष्ट्रीय पक्षी मानले आहे. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात मादी तीन ते पाच अंडी घालते. पिलांना मात्र नर व मादी दोघेही भरवितात.

दयाळ व चिरक यांची गल्लत नेहमी होते. चिरकही काळा व शेपूट उभारणारा, परंतु त्याचे पोट काळेच असते आणि शेपटीखाली विटकरी तांबडा डाग असतो. पंखावरचा पांढरा ठिपका उडताना विशेष दिसतो. दयाळास झाडी हवी, तर चिरकास उघडे माळरान, दगडांचे ढीग व पडक्या भिंती आवडतात. शेपटीच्या कडा व पोट एवढे पाहिले तरी चूक होत नाही.

बुलबुल सर्वांच्या परिचयाचा आहे. लालबुड्या बुलबुलाचे डोके काळे व तुरा आखूड असतो. शिपाई बुलबुलाचा तुरा टोकदार, ताठ असून गाल पांढरे व डोळ्यामागे लाल ठिपका असतो. शेपटीखाली दोघेही लालच, म्हणून ओळख डोक्यावरून करावी. शिंपी हा हिरवट पाठीचा, तांबूस माथ्याचा चिमुकला पक्षी आहे. त्याच्या देहाच्या मानाने आवाज फारच मोठा. रुंद पाने कापसाच्या व कोळिष्टकाच्या धाग्यांनी शिवून तो त्यांत घरटे करतो. जांभळा सूर्यपक्षी जास्वंद, शेवगा व पंगारा यांच्या फुलांवर मधासाठी येतो. त्याचे लोंबते घरटे कचऱ्याच्या झुबक्यासारखे दिसते. ओसरी झाडताना ते जळमट समजून काढू नये.

कोकिळेविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. वसंतात कुहूकुहू करतो तो काळा नर होय. ठिपकेदार मादीला तो स्वर नाही. तरीही आपण ‘कोकिळा गाते’ असेच म्हणत राहणार.

लहानशा खुणेकडे लक्ष देण्यातूनच पक्ष्यांची ओळख वाढते. सालीम अली यांनी बालपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग पाहिला आणि ती कोणती, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. त्यांच्या पक्षिअभ्यासाची सुरुवात तेथून झाली. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शाळेतील मुलांकडून दयाळाचे पहिले गाणे कोणत्या तारखेस ऐकू आले, याची वहीत नोंद ठेववावी. तीन-चार वर्षांच्या नोंदींवरून गावातील पक्षी टिकून आहेत की कमी होत आहेत, याचा अंदाज येईल.

पक्षी परसात यावेत म्हणून प्रथम पाणी ठेवावे. मातीचे पसरट परळ घेऊन त्यात दोन इंचांहून अधिक पाणी भरू नये व मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा. झुडूप जवळ असावे, परंतु परळाभोवती चार-पाच हात जागा मोकळी ठेवावी, म्हणजे मांजरास दबा धरता येणार नाही. पाणी रोज ओतून टाकून भांडे घासावे. हा नियम डासांसाठीही पाळावयाचा आहे. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

दुसरी गरज झुडपांची. तारेच्या कुंपणाला लागून करवंद, अडुळसा, मेंदी लावावी व कोपऱ्यात एखादे तुतीचे झाड असावे. घाणेरीची फळे बुलबुलास आवडतात. परंतु तो तिचे बी रानभर पसरवितो, म्हणून ती मुद्दाम लावू नये. पालापाचोळा जाळण्याऐवजी खतखड्ड्यात टाकावा. तेथील किडे वेचण्यास दयाळ हमखास येतो. घरटी असलेल्या झाडांवर विषारी औषध फवारू नये. परसातील भाजीस शक्यतो पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. औषध चोळलेले उरलेले बियाणे अंगणात कधीही टाकू नये, ते टिपून पाखरे मरतात.

बुलबुल पिकलेली फळे व टोमॅटो टोचतो, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्त आहे. मोजक्या फळांना कागदी किंवा कापडी पिशव्या बांधाव्यात. सैल जाळी टाकू नये. तिच्यात पक्षी व साप अडकून मरतात. पक्षी पकडून पिंजऱ्यात ठेवणे हा उपाय नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तो गुन्हा आहे.

नवे घर बांधताना भिंतीत एक-दोन कोनाडे ठेवण्यास गवंड्यास सांगावे. ते न जमल्यास जुन्या फळ्यांची पेटी करावी. चिमणीकरिता भोक सव्वा इंच व दयाळाकरिता सुमारे दोन इंच व्यासाचे असावे. पेटी जमिनीपासून सात-आठ फूट उंच, दुपारच्या उन्हाआड व नैर्ऋत्येकडील पावसाकडे पाठ करून माघ महिन्यात पक्की बसवावी. तळाशी पाणी निघून जाण्यास बारीक छिद्रे पाडावीत. एकदा पक्ष्याने गवत नेण्यास आरंभ केला की पेटी उघडून पाहू नये. पावसाळा संपल्यावर जुने गवत काढून पेटी उन्हात तापवावी आणि त्याच जागी पुन्हा टांगावी.