भट्टीच्या राखेविषयी भाच्यास पत्र

बेळगाव,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

बेंगळुरूत मारतहळ्ळीस तुझ्या बिऱ्हाडी चार दिवस राहून परतलो, त्यास आता पंधरवडा झाला. परंतु दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमधली तुझी ती विटांची भट्टी, तिच्या तोंडाशी रचलेली सुरूची लाकडे आणि सकाळी पाव बाहेर निघताना सबंध बोळात पसरणारा तो खरपूस वास, हे सारे अजून मनातून जात नाही. नोकरी सोडून तू हा उद्योग आरंभिलास तेव्हा आक्काच्या मनात धाकधूक होती, हे तुलाही ठाऊक आहे. तुझी मेहनत व हाताची शिस्त प्रत्यक्ष पाहून आल्यावर मी तिची निःशंकपणे समजूत घातली. एका गोष्टीविषयी मात्र तिच्यापाशी मी काही बोललो नाही, आणि नेमके त्याच गोष्टीविषयी तुझे पत्र आले, म्हणून हे उत्तर सविस्तर लिहितो.

तू विचारतोस की, राख ओढण्याचा जुना व्हॅक्यूम क्लीनर मागच्या बाजूने धूळ ओकतो, पाच मिनिटांत तापून बंद पडतो, तर नवा कोणता घ्यावा. मी तेथे होतो तेव्हा रात्री अकराला विझवलेली भट्टी तुझा तो कामकरी पोरगा सकाळी सहाच्या सुमारास घरगुती यंत्राने साफ करताना मी पाहिला. त्याच्या तोंडावर रुमालदेखील नव्हता. सात तासांनी भट्टीच्या घुमटाला मी हात लावला, तो लावून ठेववेना. तेव्हाच तुला बोलणार होतो. पण गिऱ्हाइकांसमोर बोलणे प्रशस्त वाटले नाही.

यंत्राचा विचार करण्याआधी राखेचा विचार करावयास हवा. राख म्हणजे जळून संपलेली, निर्जीव वस्तू, अशी जी आपली समजूत असते ती चुकीची आहे. तुझ्या पणजीच्या स्वयंपाकघरात रात्री चुलीतले निखारे राखेखाली पुरून ठेवण्याचा शिरस्ता होता, आणि पहाटे राख बाजूला सारून दोन काटक्या घालून फुंकर मारली की विस्तव पुन्हा तयार, काडीपेटीची गरजच पडत नसे. राख उष्णतेला बाहेर पडू देत नाही आणि हवेला आत फारशी शिरू देत नाही, म्हणून निखारा मंदपणे, कोणाच्या नजरेस न येता, धुमसत राहतो. ढिगाऱ्याखाली तो चार-चार दिवस जिवंत राहिल्याचे दाखले आहेत. आपल्याकडे राखेला रक्षा म्हणतात. चुलीच्या बाबतीत तो शब्द मला अक्षरशः खरा वाटतो, कारण ती अग्नीचे रक्षण करते. आता त्या राखेवरून जोराचा वारा ओढणारे यंत्र फिरवले म्हणजे काय होते? लोहाराचा भाता जे काम करतो तेच होते. अमरकोशात अग्नीला वायुसख असे एक नाव आहे. तो सखा नळीतून भेटला की काळवंडलेला कोळसा लाल होतो, आणि लाल होऊन जाऊन पडतो तो कागदाच्या किंवा कापडाच्या पिशवीत.

माझ्या घरची हकीकत तुला ठाऊक नाही. उद्यमबागेतल्या ओतशाळेत तीस वर्षे काढलेल्या माणसाच्या हातून हे व्हावे, याची मला आजही खंत वाटते. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाची राख एका संध्याकाळी मी घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने काढली. बंब सकाळी पेटवला होता, राखेला हात लावला तर गार. म्हणून यंत्र बिनदिक्कत माळ्याखालच्या खोलीत, गोधड्यांच्या शेजारी ठेवून दिले. मध्यरात्री तुझ्या मामीला जळक्या प्लास्टिकचा वास आला म्हणून आम्ही उठलो. पिशवी जळून गेली होती, यंत्राचे पोट वितळत होते आणि एक गोधडी धुरकटली होती. मामीची झोप सावध नसती, तर पुढे काय घडले असते याचा विचार आजही मी टाळतो.

घरगुती यंत्राचा यात दोष नाही. १९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट बूथने हे यंत्र योजले ते गालिचांतली धूळ ओढण्यासाठी, आणि पुढच्याच वर्षी राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबीचे गालिचे त्याने साफ झाले. गालिचाची धूळ तंतुमय असते, पिशवीत अडकून राहते. राखेचे कण इतके सूक्ष्म असतात की काही कापडातून आरपार जातात व तुझ्या मळलेल्या कणकेवर येऊन बसतात, आणि उरलेले कापडाची छिद्रे बुजवतात. शिवाय बहुतेक घरगुती यंत्रांत ओढलेल्या हवेनेच मोटर थंड राखली जाते. छिद्रे बुजली की हवा थांबते आणि मोटर तापते. तुझ्या यंत्राच्या दुखण्याचे कारण एवढेच आहे.

तेव्हा राखेसाठी म्हणून बनवलेलेच यंत्र घे, आणि घेण्यापूर्वी दुकानात झाकण काढून स्वतः खातरजमा कर. पोट धातूचे हवे, तोंडाची नळी धातूची हवी, आणि मधली लवचीक नळी आतून धातूच्या अस्तराची हवी. प्लास्टिकच्या नळीत नुसता तारेचा वेढा असला तर तो आकार टिकवण्यापुरता असतो, निखाऱ्यापासून तो काहीच वाचवत नाही. आत आधी न पेटणारी जाड गाळणी आणि तिच्यामागे घड्यांचा बारीक फिल्टर, अशी दुहेरी तजवीज पाहा. हेपा म्हणून लिहिले असेल तर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवण्याचा दावा तपशिलात आहे का, ते वाच. कारखानी यंत्रांवर एल, एम, एच अशा श्रेणी असतात. रोज पीठ आणि राख एकाच छपराखाली नांदणार असतील, तर निदान एम श्रेणी परवडते का, हे पाहावे असे माझे मत आहे. यंत्र न उघडता फिल्टर झटकण्याची मूठ असली तर उत्तम, आणि सुटा फिल्टर बेंगळुरूतच मिळतो की नाही याची चौकशी पैसे देण्याच्या आधी कर. मोटरीला थंड करणारी हवा स्वतंत्र मार्गाने यावी. खोक्यावर ठळक छापलेल्या वॅटच्या आकड्याला भुलू नकोस. तो वीज किती खाल्ली ते सांगतो, किती ओढले ते सांगत नाही. यंत्र भूतारेच्या, म्हणजे अर्थिंगच्या, १६ अँपिअरच्या प्लगावरच चालव.

पाण्यातून हवा गाळणारी यंत्रे तुला कोणी सुचवील. ती घेऊ नकोस. लाकडाच्या राखेत चुन्याचे आणि पोटॅशचे क्षार असतात, पाणी मिळताच त्यांचा तीव्र अल्कली द्राव होतो, आणि तो ॲल्युमिनियमला खातो व हातांची कातडीही सोलतो.

एवढे सारे पाहून घेतलेले यंत्रदेखील गार राखेसाठीच असते. कित्येक निर्माते ४० अंशांहून गरम राख ओढू नये, असे स्पष्ट बजावतात. म्हणून मुख्य काम फावड्याने आणि झाकणाच्या लोखंडी बादलीनेच व्हावे, व यंत्राकडे केवळ शेवटची भुकटी आणि फटींमधली धूळ सोपवावी. शंभर किलो कोरड्या लाकडामागे राख पडते जेमतेम किलोभर, साल जास्त असली तर थोडी अधिक. तेवढ्यासाठी रोज यंत्र लावण्याचे कारणच नाही. सोमवारी तुझे दुकान बंद असते. रविवारी रात्री भट्टी विझली की मंगळवारी पहाटे पेटवण्याआधी यंत्र फिरवावे, आणि त्यापूर्वी राख उलथून, अंधारात पाहून, तळहाताची मागची बाजू जवळ धरून धग तपासावी. यंत्र वापरून झाले की ते त्याच दिवशी उघड्यावर रिकामे करावे. भरलेल्या पोटाने ते शेडमध्ये ठेवू नये, लाकडांच्या राशीजवळ तर नाहीच नाही.

त्या पोराला एन-९५ मुखपट्टी आणून दे आणि ती तो घालतो की नाही, हे स्वतः उभा राहून पाहा. ओतशाळेत वाळूची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेलेली माणसे मी पाहिली आहेत. चाळिशीत जिना चढताना त्यांना दोनदा थांबावे लागे. राख म्हणजे ती वाळू नव्हे, हे मी जाणतो, पण त्याचे वय अठरा-एकोणीस आहे आणि तो तुझ्या भरवशावर घर सोडून आला आहे.

गार झालेली राख पालिकेच्या गाडीत देऊ नकोस. तेथल्या लाल मातीत कढीलिंबाला आणि नारळाला ती मूठ-मूठ घातली तर मानवते. युरियाबरोबर मात्र मिसळू नये, त्याने खतातला नत्र वायू होऊन उडून जातो. थोडी चाळून आक्कासाठी ठेव, तांब्या-पितळेची भांडी ती अजून राखेनेच घासते.

आमच्या ओळखीच्या एका लोहाराकडून जाड पत्र्याची, घट्ट झाकणाची आणि तळाला तीन पाय असलेली बादली करवून घेतली आहे. पायांमुळे खालची फरशी तापणार नाही. येत्या गुरुवारी रात्रीच्या बसने ती पाठवतो, सकाळी उतरवून घे. यंत्राचा बेत नक्की झाला की विकत घेण्याआधी त्याच्या माहितीपत्रकाचा फोटो मला पाठव.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा