डिस्प्ले आला म्हणजे कार्ड ठीक आहे असं नाही

ग्राफिक्स कार्डाचं फर्मवेअर बदलायला बसलेल्या माणसाच्या मनात एकच भीती असते, कार्ड डेड होण्याची. पुण्यात मी कार्डं दुरुस्त करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर नेहमीचाच: "दादा, कायमचं गेलं का हो?" बहुतेक वेळा गेलेलं नसतं. ज्याला सगळे व्हीबायोस म्हणतात ते फर्मवेअर बोर्डावरच्या आठ पायांच्या एका लहानशा चिपमध्ये असतं आणि ती चिप पुन्हा लिहिता येते. मला धास्ती वाटते ती फ्लॅश यशस्वी झालेल्या कार्डाची. डिस्प्ले येतो, गेम सुरू होतो, मेमरीचा वेग वाढलेला दिसतो, माणूस खूश होतो. आणि आत मेमरी चुका करत राहते. अशा कार्डाचं दुखणं सापडेपर्यंत लोकांचे महिने आणि पैसे दोन्ही जातात.

व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्या एका मुलीनं आठ जीबीचं आरएक्स ५८० सेकंडहँड घेतलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि ही कार्डं स्वस्तात बाजारात आली. विद्यार्थ्यांनी ती घेतली, त्यात गैर काहीच नाही. तिची तक्रार अशी, की एक्स्पोर्ट केलेल्या व्हिडिओत मधेच एखाद्या फ्रेमवर रंगीत चौकोन उमटायचे. पुन्हा एक्स्पोर्ट केलं की त्या जागचे जायचे आणि दुसऱ्याच फ्रेमवर दिसायचे. तिनं सॉफ्टवेअर बदललं, विंडोज नव्यानं टाकलं, रॅम बदलली. कोणीतरी सांगितलं म्हणून एसएमपीएसही बदलला. कार्डावर संशय आला नाही, कारण कार्ड चालत होतं.

जीपीयू-झेड उघडल्याबरोबर कोअरचा वेग ११५० मेगाहर्ट्झच्या आसपास लावलेला दिसला. ५८० चा मूळ बूस्ट १३४० असतो. कोअर मुद्दाम खाली आणि मेमरी वर, ही मायनिंगसाठी बदललेल्या फर्मवेअरची अगदी ओळखीची खूण. मग एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून कार्डावर लोड टाकला. ५८० ज्या पोलारिस पिढीचं आहे, त्या पिढीच्या कार्डांसाठी त्यात मेमरी एरर्सची एक ओळ दिसते. निरोगी कार्डावर तो आकडा शून्यावर बसून राहतो. इथे तो भराभर चढत होता.

असं का होतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावरच उभा आहे. मेमरी चिपला एक काम संपवून दुसरं सुरू करायला ठराविक उसंत लागते. कोणत्या वेगाला किती उसंत द्यायची, याचे तक्ते फर्मवेअरमध्ये असतात. त्यांना स्ट्रॅप म्हणतात. वेग वाढला की उसंतही जास्त द्यायची, असा कारखान्याचा हिशेब. मायनिंगवाले १७५० मेगाहर्ट्झचा कमी उसंतीचा तक्ता उचलून २००० च्या जागी ठेवायचे. पोलारिस बायोस एडिटर नावाच्या सॉफ्टवेअरनं ते काही मिनिटांत होई. इथेरियमची आकडेमोड जवळजवळ पूर्णपणे मेमरीवर अवलंबून असल्यामुळे फायदा मोठा होता: ५८० वर सेकंदाला २२-२४ मेगाहॅश मिळायचे, ते २९-३० पर्यंत जायचे. आणि मायनिंगला चूक परवडते. एखादं उत्तर चुकलं तर ते नाकारलं जातं, पुढचं येतं. व्हिडिओच्या फ्रेमला, गेमच्या टेक्श्चरला ती परवडत नाही.

जीडीडीआर५ मेमरीत चुका पकडण्याची सोय आहे, पण ती मेमरी आणि जीपीयू यांच्यामधल्या वाहतुकीपुरती. वाटेत माहिती बिघडली तर ती पुन्हा पाठवली जाते. म्हणून मेमरीचा वेग वाढवत गेलात की एका टप्प्यानंतर स्क्रीनवर काहीच बिघडलेलं दिसत नाही, पण बेंचमार्कचा गुण खाली येतो, कारण कार्ड तेच तेच पुन्हा पाठवण्यात वेळ घालवत असतं. खुद्द मेमरीच्या आत, उसंत अपुरी पडल्यामुळे जी चूक होते, ती या सोयीला दिसतच नाही. तिचे चौकोन होतात. आकडा वाढला म्हणजे कामगिरी वाढली असं मानू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो ते यासाठी.

त्या कार्डाचं मूळ फर्मवेअर आधीच्या मालकानं ठेवलेलं नव्हतं. मग ते शोधणं आलं, आणि शोधाशोधीत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. "आरएक्स ५८० आठ जीबी" एवढं जुळून भागत नाही. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलवर कधी सॅमसंगची मेमरी असते, कधी हायनिक्सची, कधी मायक्रॉनची; माल मिळेल तसं उत्पादन होतं. बोर्डामागच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर, मेमरीचा उत्पादक आणि डिस्प्ले पोर्टांची रचना, तिन्ही जुळलं तरच ती फाइल आपली. मेमरीचा उत्पादक जीपीयू-झेड दाखवतं. शंका असेल तर हिटसिंक काढून चिपवरची अक्षरं वाचावीत. जुळणारी फाइल टाकल्यावर त्या कार्डाच्या मेमरी एरर्स शून्यावर आल्या आणि चौकोनही गेले.

हा प्रकार मायनिंगपासून सुरू झाला असं कोणी समजू नये. २०१० च्या अखेरीस रेडिऑन एचडी ६९५० आलं, तेव्हा त्यात बंद ठेवलेले शेडर फर्मवेअर बदलून उघडता येतात असं लक्षात आलं: १४०८ चे १५३६, म्हणजे थेट वरचं ६९७०. काहींनी ६९७० चं फर्मवेअर जसंच्या तसं टाकलं. त्याबरोबर मेमरीचा वेगही १२५० वरून १३७५ वर गेला आणि ६९५० वरची मेमरी त्या वेगाची नव्हती. आपल्याच कार्डाचं फर्मवेअर घेऊन त्यात फक्त शेडर उघडणाऱ्यांचा मार्ग जास्त शहाणपणाचा होता. २०१७ च्या वेगा ५६ वर ६४ चं फर्मवेअर टाकलं की शेडर वाढत नसत, पण मेमरीचा व्होल्टेज १.२५ वरून १.३५ होई आणि त्यामुळे वेग ८०० वरून ९४५ मेगाहर्ट्झ पेलत असे. फायदा खरा होता. मात्र ज्यांच्या ५६ वर हायनिक्सची मेमरी होती, त्यांची पंचाईत झाली, कारण ते फर्मवेअर सॅमसंगच्या मेमरीसाठी लिहिलेलं होतं. पिढी कोणतीही असो, लोक अडकतात ते मेमरीपाशी.

दुसरी न दिसणारी जोखीम विजेची. पीसीआयई स्लॉट ७५ वॉटसाठी, सहा पिनांची जोडणी ७५ साठी आणि आठ पिनांची १५० साठी ठरलेली आहे. फर्मवेअरमध्ये पॉवर लिमिट वाढवली की कार्ड ती मर्यादा ओलांडून वीज ओढू शकतं. किती ओढायची हे फर्मवेअर ठरवतं आणि सोसायचं व्हीआरएमनं, केबलनं, स्वस्तातल्या एसएमपीएसनं. २०१६ मध्ये आरएक्स ४८० स्लॉटमधून मर्यादेपेक्षा जास्त वीज घेतं असं दिसलं, तेव्हा एएमडीला ड्रायव्हरमधून दुरुस्ती काढावी लागली होती. उत्पादकाला जिथे इतकी काळजी घ्यावी लागते, तिथे वॉटचा आकडा अंदाजानं वाढवू नये. आपल्याकडे मे महिन्यात खोलीचंच तापमान चाळिशीला टेकलेलं असतं, हेही हिशेबात धरा.

आता कोणाला फ्लॅश करायचंच असेल, किंवा कंपनीनंच सांगितलं असेल, तर. असं होतं, जानेवारी २०२० मध्ये आरएक्स ५६०० एक्सटी बाजारात येता येता एएमडीनं त्याचं फर्मवेअर बदललं, मेमरीचा वेग १२ वरून १४ गिगाबिटवर नेला, आणि दुकानात पोहोचलेली कार्डं ग्राहकांना घरी फ्लॅश करावी लागली. अशा वेळी फाइल फक्त उत्पादकाच्या साइटवरची, आपल्या अचूक मॉडेलची. सुरू करण्याआधी सध्याचं फर्मवेअर दोन वेळा वाचून दोन फायली सेव्ह करा आणि त्या तंतोतंत सारख्या आहेत का ते तपासा. वेगवेगळ्या निघाल्या तर तिथेच थांबा. जिथे वाचणंच भरवशाचं नाही तिथे लिहू नये. फाइल पेनड्राइव्हवर, शिवाय फोनमध्ये. यूपीएसशिवाय फ्लॅश करू नका. लिहायला मिनिटभरही लागत नाही, पण लाइट जायला तेवढं पुरतं. आणि कार्ड बंद पडलं तर स्क्रीन कशावर बघणार हे आधी ठरवा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं. रायझनच्या ५००० मालिकेपर्यंत साधारणपणे जी असलेल्यांतच असतं. तुमच्याकडे ते नसेल तर मित्राचं एखादं जुनं कार्ड आणून ठेवा, मगच सुरुवात करा.

एवढं करूनही स्क्रीन काळी राहिली, तर घाबरून पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसू नका. आधी पॉवरची केबल, स्लॉट, मॉनिटरची केबल पाहा. फर्मवेअरच्या नादात निघालेली केबल लक्षात येत नाही. कार्डावर बायोसचा स्विच असेल तर काम सोपं: मशीन बंद करून स्विच दुसऱ्या बाजूला, चालू केल्यावर विंडोज येऊ द्यायचं, मग मशीन चालू असतानाच स्विच बिघडलेल्या बाजूला सरकवून मूळ फाइल लिहायची. स्विच नसेल तर प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर मशीन उघडून कार्डावर मूळ फाइल टाकता येते. कार्ड सापडतच नसेल तर शेवटचा उपाय म्हणजे चिपला क्लिप लावून सीएच३४१ए प्रोग्रामरनं थेट लिहिणं. त्याआधी चिपवरचा नंबर वाचून तिचा व्होल्टेज शोधा. जुन्या कार्डांवर ती बहुधा ३.३ व्होल्टची असते, पण बऱ्याच नव्या कार्डांवर १.८ ची असते आणि तिला वेगळा अडॅप्टर लागतो. त्या प्रोग्रामरच्या स्वस्त काळ्या बोर्डावर डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात, हे विकणारा सांगत नाही. चिपच्या पहिल्या आणि आठव्या पायाला टाचणी लावून मशीन चालू करण्याची युक्ती बरेच जण सांगतात. ती चालते, पण हात हलला तर चिपच जाते. मी ती कोणाला सुचवत नाही.

सुरुवातीची स्क्रीन येते पण ड्रायव्हर चढत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ दिसतो, असं झालं तर कार्ड बिघडलेलं नसण्याची शक्यता बरीच आहे. बदललेल्या फर्मवेअरची डिजिटल सही जुळत नाही, म्हणून एएमडीचा ड्रायव्हर ते नाकारतो. त्यावर ड्रायव्हरलाच पॅच करणारी सॉफ्टवेअरं आहेत. ती लावली की तपासणी झोपते आणि प्रत्येक अपडेटनंतर पुन्हा तेच. मूळ फर्मवेअर टाका. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर बदललेलं फर्मवेअर सुरुवातीची स्क्रीनही दाखवत नाही, त्याचं कारणही ही सहीच. आणि मूळ फर्मवेअर टाकूनही स्क्रीनवर अगदी पहिल्यापासून रेघा किंवा ठिपके राहिले, तर मेमरी चिप किंवा तिचं सोल्डरिंग गेलेलं असतं. मग फायली शोधण्यात दिवस घालवू नका, कार्ड दुरुस्तीला द्या.

गेम आणि एडिटिंगसाठी या वाटेला जावंच का, तर माझ्या मते आता जाऊ नये. एनव्हिडियानं २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून आणि एएमडीनं वेगापासून, बदललेलं फर्मवेअर चालू नये अशी तजवीज चिपमध्येच केली आहे. राहिलं ते दुसऱ्या मॉडेलचं फर्मवेअर उसनं आणून टाकणं, आणि त्याचे धोके वर आलेच. जे हवं ते ड्रायव्हरच्या बाजूनं बरंचसं मिळतं. आफ्टरबर्नरमध्ये किंवा एएमडीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरी थोडी थोडी वाढवा, दर वेळी तोच बेंचमार्क चालवा, गुण वाढायचा थांबला की मागे या. व्होल्टेज कमी करून पाहा; कार्ड थंड राहिलं की तेच कार्ड जास्त वेळ वरच्या वेगावर टिकतं, आणि उन्हाळ्यात हा फायदा ओव्हरक्लॉकपेक्षा मोठा ठरतो. जुनं कार्ड असेल तर आधी थर्मल पेस्ट आणि पॅड बदला. वेगा आणि त्यानंतरच्या आरएक्स ५००० व ६००० मालिकांच्या कार्डांची पॉवर लिमिट मोअरपॉवरटूलनं बदलता येते. तो बदल विंडोजच्या रजिस्ट्रीत राहतो, पुसला की कार्ड होतं तसं.

सेकंडहँड कार्ड घेताना ते मशीनला लावून बघायचा आग्रह धरा. शेडरची संख्या मॉडेलशी जुळते का ते पाहा: आरएक्स ५८० ला २३०४ असतात, २०४८ दिसले तर ते ५७० किंवा ५८० चंच २०४८ एसपी हे उतरतं मॉडेल आहे. कोअरचा मूळ वेग पाहा, बायोसचा आवृत्ती क्रमांक स्टिकरवरच्या मॉडेलशी ताडून पाहा, एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून निदान वीस मिनिटं लोड द्या. आणि स्वतःचं कार्ड विकायला काढाल तेव्हा त्यात मूळ फर्मवेअर परत घाला आणि त्याची फाइल घेणाऱ्याच्या हातात द्या.