त्यांचे गुन्हे, आमचे माप

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी व कौटुंबिक उपासनेसाठी अभ्यासपाठ
शास्त्रभाग : लूक १३:१–५. ह्यासोबत वाचावे : निर्गम २०:१६, नीतिसूत्रे १८:१७ व २०:१०, योहान १:४५–४९.



मच्छे येथे औद्योगिक वसाहतीच्या बाजूला एका विश्वासी कुटुंबात आमची बुधवारची प्रार्थनासभा भरते. आशीर्वाद झाला की चहा येतो आणि चहाबरोबर जगाच्या गोष्टी येतात. बेळगाव भागात विमानांचे सुटे भाग बनू लागल्यापासून इकडच्या तरुणांना परदेशाचे दार थोडे किलकिले झाले आहे. आमच्या सभेतील एका वडीलधाऱ्या बंधूंचा मुलगा फ्रान्समध्ये तुलूज शहरी कामाला आहे, तर दुसऱ्यांचा जावई अमेरिकेत टेक्सासला. दोघेही मंडळीचे जुने सभासद, दोघेही प्रार्थनेत पुढे. पण एका बुधवारी बशीतला चहा निवून गेला तरी ह्यांचा वाद काही निवेना.

“अण्णा, तुमच्या अमेरिकेत पोरं शाळेला गेली की घरला येतील का नाही ह्याचा नेम नाही बघा. घराघरांत बंदूक!”

“आणि तुमच्या फ्रान्सात काय, मास्तर? रस्त्यावर गाड्या जाळल्या की. दोन वर्षांच्या आत चार पंतप्रधान झाले. राज्य करतात का संगीतखुर्ची खेळतात?”

“तुमचा राष्ट्राध्यक्ष तर कोर्टानं दोषी ठरवलेला!”

“आणि तुमचा माजी राष्ट्राध्यक्ष तुरुंगात जाऊन आला, ते?”

मी दोघांच्या मधे बसलो होतो. गंमत अशी की, दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. न्यूयॉर्कच्या न्यायालयात ज्यूरीने डोनाल्ड ट्रम्प ह्यांना मे २०२४ मध्ये चौतीस आरोपांवर दोषी ठरवले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकांनी त्यांना निवडून दिले. फ्रान्सचे निकोला सार्कोझी ह्यांना सप्टेंबर २०२५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, ऑक्टोबरात ते तुरुंगात गेले आणि अपिलामुळे काही आठवड्यांनी बाहेर आले. आता ह्यावरून काय ठरवायचे? ‘बघा, पुढारीच चोर’ असेही म्हणता येईल आणि ‘बघा, तिथे न्यायाधीश मोठ्यालाही सोडत नाहीत’ असेही. हकिगत एकच असते. आपल्या माणसाची असली तर आपण दुसरा अर्थ घेतो, समोरच्याची असली तर पहिला. २५ मे २०२० रोजी अमेरिकेत मिनियापोलिस येथे पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मरण पावला आणि देशभर लोक रस्त्यावर आले. २७ जून २०२३ रोजी पॅरिसजवळ नान्तेर येथे पोलिसाच्या गोळीने सतरा वर्षांचा एक मुलगा गेला आणि आठवडाभर दंगल उसळली. पण मास्तरांना फक्त पहिले आठवत होते, अण्णांना फक्त दुसरे.

मग खरे माप नाहीच काय? आहे, पण ते वापरावयास धीर लागतो. खुनाचे माप त्यातल्या त्यात विश्वासाचे, कारण प्रेत सहसा लपत नाही. अलीकडच्या वर्षांत अमेरिकेत लाख लोकांमागे वर्षाला पाच ते सात खून होत आले आहेत, फ्रान्समध्ये सुमारे दीड. तेव्हा एवढ्या मुद्द्यावर मास्तर बरोबर होते, आणि ते अण्णांनी मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे होते. अमेरिकेत नागरिकांच्या हाती लोकसंख्येहून अधिक बंदुका आहेत असा अंदाज आहे, हे त्याचे एक मोठे कारण. परंतु चोरी, मारहाण, फसवणूक ह्यांचे आकडे देशादेशांत शेजारी ठेवणे अवघड. कायदा कशाला गुन्हा म्हणतो, पोलीस काय लिहून घेतात, लोक ठाण्यावर जातात की नाही, ह्यावर ते अवलंबून असतात. ‘फ्रान्समध्ये अमक्याच वंशाचे लोक गुन्हे करतात’ असे कोणी ठासून सांगू लागला तर त्याला विचारावे की, बाबा, आकडा आणला कोठून? तेथे वंशावरून किंवा धर्मावरून माणसांची नोंद ठेवण्यावर १९७८ च्या कायद्याने कडक बंधने आहेत.

आपल्या देशातही हेच. ‘भारतातील गुन्हे’ हा सरकारी अहवाल १९५३ पासून निघतो. २०२२ सालच्या अहवालात देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले आहेत, म्हणजे लाख लोकांमागे सुमारे दोन. पण एकूण गुन्ह्यांच्या कोष्टकात केरळसारखे शिकलेले राज्य वारंवार वरच्या क्रमांकांत दिसते. केरळात माणसे अधिक वाईट आहेत म्हणून नव्हे. तेथे तक्रार करणारा घाबरत नाही आणि तक्रार लिहून घेतली जाते, हे त्याचे मोठे कारण. गुन्ह्यांची नोंद वाढणे म्हणजे गुन्हेच वाढणे नव्हे, असा इशारा अहवाल काढणारेच देतात. ज्या गावात मार खाल्लेल्या बाईला ‘घरातले घरात मिटव’ म्हणून परत पाठवतात, ते गाव कागदावर पवित्र दिसते.

येथवर आपण परदेशात आणि केरळात होतो, म्हणून हे वाचणे सोपे गेले. अमेरिका जिंकली काय आणि फ्रान्स हरला काय, मच्छे गावातल्या कोणाचे काही बिघडत नाही. पण हीच सवय घेऊन आपण बेळगाव–खानापूर रस्त्यावरच्या बसथांब्यावर उभे राहतो, आणि तेथे मात्र बिघडते. ‘महाराष्ट्रात असे होत नाही’, ‘कर्नाटकाचे लोक असेच’, किंवा पलीकडून ‘हे मराठी असेच’. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हापासून हा वाद आपल्या घरात आहे. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, त्याने निपाणी, खानापूर महाराष्ट्राकडे व बेळगाव कर्नाटकाकडे असे सुचवले. २००४ मध्ये महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सीमा कोठे असावी ह्यावर मंडळीतील प्रत्येकाला आपले मत असू द्यावे, माझेही आहे. ह्या पाठाचा विषय तो नाही. पलीकडल्या माणसांविषयी आपण काय साक्ष देतो, हा आहे.

आता माझी चूक सांगतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमध्ये भाषेवरून तंटा होऊन कर्नाटकाच्या बसच्या वाहकाला मारहाण झाली. लगोलग चित्रदुर्गाकडे महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळे फासण्यात आले. दोन्ही बाजूंच्या गाड्या काही दिवस थांबल्या. त्या रविवारी माझ्या वर्गात पाठ होता शेजाऱ्यावरील प्रीतीचा. ‘शेजाऱ्याशी कसे वागू नये’ ह्याचा ताजा दाखला म्हणून मी एसटीच्या चालकाची हकिगत सांगितली, आणि तेवढीच सांगितली. वर्गात एक मुलगी होती. तिच्या घरी आई मराठी, वडील कानडी, आणि वडील बसवर वाहक. ती काही बोलली नाही. पुढले दोन रविवार ती आली नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. त्या गृहस्थांनी मला बसावयास दिले, पाणी दिले. मग म्हणाले, “सर, तुम्ही सांगितलं ते खरंच आहे की. खोटं म्हणत नाही मी. पण आमच्या माणसाला मार पडला, ते का नाही सांगितलं?”

मला उत्तर देता आले नाही. नववी आज्ञा पाठ असलेला मी शिक्षक. खोटी साक्ष म्हणजे न घडलेले सांगणे, एवढाच अर्थ मी वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. घडलेल्या दोहोंपैकी एकच सांगितल्यानेही साक्ष खोटी होते, हे मला त्या घरात समजले. नीतिसूत्रे १८:१७ येथे तेच आहे : पहिला बोलणारा खरा वाटतो, तो दुसरा येऊन प्रश्न करीपर्यंत. आणि २०:१० मधील दोन वजनांचा व्यापारी आपल्याला बाजारात पटकन दिसतो. निपाणीच्या तंबाखूच्या बाजारात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना हे वचन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पण घेण्याचे वजन वेगळे व देण्याचे वेगळे हा धंदा जिभेनेही चालतो.

आता मुख्य शास्त्रभाग उघडू. काही लोक प्रभूकडे एक बातमी घेऊन येतात : गालीली लोक यज्ञ करीत असता पिलाताने त्यांना मारले. ताजी बातमी, रक्ताची, शिवाय राजकारणाची. आणणारे कोण होते हे लूक सांगत नाही. गालील म्हणजे यरुशलेमेपासून दूर, परराष्ट्रीयांच्या शेजारचा मुलूख. तेथल्या माणसाची बोलीही वेगळी, एवढी की वाड्यात पेत्र तिच्यावरूनच ओळखला गेला (मत्तय २६:७३). आपल्या सीमाभागातल्या बोलीला पुण्यात जे हसतात त्यांच्या वाचकांनी हे लक्षात ठेवावे, असो. प्रभू काय करतो पाहा. तो पिलाताची बाजू घेत नाही, गालीलकरांचीही वकिली करीत नाही. हे सर्वांहून पापी होते असे वाटते काय, असे विचारून तो ‘नाही’ म्हणतो. आणि मग, कोणी न विचारता, दुसरी बातमी स्वतः पुढे ठेवतो : शिलोह येथला बुरूज कोसळून अठरा जण मेले. हे कोठले? यरुशलेमेचे! गालीलाच्या शेजारी त्याने यरुशलेम ठेवले आणि दोहोंना तोच प्रश्न, तेच शब्द लावले. मग बोट वळवले ते बातमी आणणाऱ्यांकडे. ‘ते किती वाईट’ हे ठरवून घ्यावयास आलेली माणसे स्वतःच्या पश्चात्तापाचा विचार घेऊन परत गेली असतील काय? लूक तेही सांगत नाही.

योहान १ मधील नथनेलाचा प्रसंगही मुलांना अवश्य सांगावा. नासरेथातून काही चांगले निघेल काय, असे तो म्हणतो. हा कोणी परका यहूदी नव्हे. योहान २१:२ पाहिले तर हा गालीलातल्याच कानाचा. म्हणजे जवळच्याच गावाविषयी हे बोल! मच्छ्याने पिरनवाडीला नावे ठेवावीत तसे. फिलिप्प त्याच्याशी वाद घालीत नाही, येऊन पाहा म्हणतो, आणि नथनेलाचा मोठेपणा हा की तो उठून जातो.

आपल्या भागात असे उठून जाणे नवीन नाही. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात काम सुरू केले, १९०४ मध्ये ते मेथडिस्ट मिशनकडे आले, आणि ह्या सर्व काळात सुवार्ता येथे मराठीत व कानडीत अशी दोन्ही भाषांत गेली. आजही अनेक घरांत आजी एका भाषेत प्रार्थना करते आणि नातू दुसऱ्या.

वर्गासाठी एक सूचना. मोठ्या मुलांना एक आठवडा आधी सांगावे की मराठी व कानडी अशा दोन वृत्तपत्रांतून एकाच भांडणाची बातमी आणा. कानडी वाचता येत नसेल तर शेजाऱ्याकडून वाचून घ्या. त्या निमित्ताने शेजाऱ्याकडे जाणे होईल. वर्गात दोन्ही वाचून, एकात काय आहे व दुसऱ्यात काय गाळले आहे ते मुलांनाच फळ्यावर लिहू द्यावे. शिक्षकाने मधे बोलू नये (मला हे फार जड गेले). लहान मुलांसाठी तराजू आणावा. बटाटे तोलताना एका पारड्याखाली गुपचूप दगड बांधून ठेवावा आणि मुले ओरडेपर्यंत थांबावे.

माझ्या वर्गात हा पाठ मी त्या मुलीच्या वडिलांना बोलावून घेतला. कानडी बातमी त्यांनी वाचली, अर्थ मुलीने मराठीत सांगितला. मास्तर व अण्णा दोघेही त्या दिवशी मागच्या बाकावर येऊन बसले होते. आमच्या मुलांनी विचारलेला एक प्रश्न मात्र राहून गेला : प्रभूने बुरुजाची गोष्ट संपवून लगेच अंजिराच्या झाडाची का सांगितली? लूक १३:६–९ घरी वाचून येण्यास त्यांना सांगितले आहे. तुमच्या वर्गातही पुढल्या रविवारी हाच भाग घ्यावा.