कुष्ठरोगाविषयीं नवें ज्ञान



कांहीं रोग असे आहेत कीं, त्यांच्या पीडेपेक्षां त्यांच्या नांवाचें भय मोठें असतें. कुष्ठरोग हा त्यांपैकीं मुख्य होय. खेड्यांतून आजहि अंगावरचा फिकट चट्टा पदराखालीं किंवा सदऱ्याच्या बाहीखालीं झांकला जातो. आणि जो रोग कांहीं महिन्यांच्या गोळ्यांनीं बरा व्हावयाचा, तो त्या झांकण्याच्या काळांत बोटें वांकडीं करून बसतो. २०२३ सालीं जगांत ह्या रोगाचे १ लाख ८२ हजारांवर नवे रोगी नोंदले गेले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या भारतांतले होते. म्हणून हा विषय जुना झाला असें कोणी समजूं नये. अलीकडच्या काळांत वैद्यक, जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र ह्या तिन्ही शास्त्रांनीं ह्या एका रोगाविषयीं जें ज्ञान मिळविलें आहे, त्याचा विचार ह्या पाठांत करूं. त्याचें सार एकच निघतें. रोगाचा जंतु दुबळा आहे. त्यास बळ मिळतें तें आपल्या विलंबानें.

१. रोगाचें बीज

नॉर्वे देशांतील बर्गेन शहरीं डॉ. हॅन्सन ह्यांनीं १८७३ सालीं रोग्याच्या गांठींतून घेतलेल्या द्रवांत बारीक काड्यांसारखे जंतु पाहिले. तोंवर हा रोग आईबापांपासून रक्तानें मुलांत उतरतो, असें मोठमोठे वैद्यहि मानीत. आणि सामान्य लोक त्यास पापाचें फळ म्हणत. ह्या शोधानें दोन्ही समजुतींचा पाया ढांसळला.

हा जंतु फार मंद आहे. पटकीचा जंतु तासाच्या आंत दुप्पट होतो; ह्यास दुप्पट होण्यास सुमारें दोन आठवडे लागतात. म्हणून संसर्ग झाल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरीनें पांच वर्षें, आणि कधीं वीस वर्षेंहि जातात. प्रयोगशाळेंतील कांचेच्या बशींत हा जंतु आजवर कोणासहि वाढवितां आलेला नाहीं.

ह्या दुबळेपणाचें कारण २००१ सालीं उघड झालें. त्या वर्षीं ह्या जंतूच्या सर्व आनुवंशिक द्रव्याचें वाचन पुरें होऊन प्रसिद्ध झालें. त्यासाठीं घेतलेला जंतु मूळचा तामिळनाडूंतील एका रोग्याचा होता. त्याचा चुलतभाऊ म्हणावा असा जो क्षयाचा जंतु, त्यापाशीं सुमारें ४ हजार कामाचीं जनुकें आहेत. ह्यापाशीं अवघीं १६०० च्या आसपास उरलीं आहेत. आणखी सुमारें ११०० जनुकें मोडकीं होऊन पडलीं आहेत. जुन्या वाड्यांतील बहुतेक खोल्या पडाव्या आणि धन्यानें एका कोपऱ्यांत दिवस काढावे, तशी त्याची स्थिति आहे. दुसऱ्याच्या पेशींत आसरा मिळाल्यावांचून तो जगूं शकत नाहीं. शिवाय बहुतेक माणसांच्या देहांत त्याचा पाडाव करण्याची शक्ति जन्मतःच असते. हस्तांदोलनानें, एका पंक्तीस बसल्यानें किंवा शेजारीं बसून गाइल्यानें हा रोग लागत नाहीं. उपचार न घेतलेल्या रोग्याचा दीर्घकाळ निकट सहवास घडला, तर त्याच्या नाकातोंडांतील तुषारांतून तो पसरतो.

२. बोटें झडतात कां?

जंतु मांस खातो आणि बोटें गळून पडतात, अशी लोकांची समजूत आहे. ती खरी नव्हे. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ सालीं वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत आले. रोग्यांच्या हातापायांचें बारकाईनें निरीक्षण करून त्यांनीं दाखविलें कीं, बोटांचा नाश मुख्यतः बधिरपणामुळें होतो. जंतु मज्जातंतूंत शिरतो, मज्जातंतु निकामी होतात, आणि वेदना जाते. मग चुलीवरचें तापलेलें भांडें धरलें तरी हात मागें येत नाहीं. पायांत कांटा मोडला तरी मनुष्य चालत राहतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि बोट आंखूड होतें. वेदना ही देहाची राखणदार आहे, हें ती गेल्यावर कळतें.

परंतु मज्जातंतूंचा नाश कोण करतो? २०१७ सालीं ह्या प्रश्नावर नवा प्रकाश पडला. झेब्रा मासा म्हणून एक लहान मासा आहे. त्याचें पिल्लूं इतकें पारदर्शक असतें कीं, त्याच्या जिवंत देहांतील घडामोडी सूक्ष्मदर्शकांतून दिसतात. अशा पिल्लांवर प्रयोग करून संशोधकांना आढळलें कीं, जंतूच्या पृष्ठभागावर एक स्निग्ध द्रव्य असतें. त्यामुळें देहाच्याच भक्षक पेशी मज्जातंतूंभोवतीं चिकटून बसतात, जंतूस मारण्याकरितां नायट्रिक ऑक्साइड नामक वायु सोडतात, आणि त्या वायूनें मज्जातंतूचें आवरण बिघडतें. चोरास मारावयास आलेल्या पहारेकऱ्यांच्या काठ्या घरधन्यावर पडाव्या, तसा हा प्रकार होय.

ह्यांतून व्यवहारांत घेण्याजोगा बोध आहे. उपचार चालूं असतां किंवा संपल्यावरहि कधीं चट्टे एकाएकीं लाल होऊन सुजतात, कोपराजवळचा मज्जातंतु दुखूं लागतो, हाताचें बळ कमी होतें. तें औषध बाधल्याचें चिन्ह समजून गोळ्या टाकूं नयेत. ती देहाची प्रतिक्रिया आहे. त्याच दिवशीं दवाखान्यांत गेल्यास ती शमविण्याचें औषध मिळतें व हात वांचतो.

३. प्राण्यांत सांपडलेला जंतु

१९७१ सालीं अमेरिकेंतील आर्माडिलो ह्या खवल्यांच्या कवचाच्या प्राण्यांत हा जंतु वाढतो असें आढळलें. त्याच्या देहाची उष्णता माणसाहून कमी असते, आणि ह्या जंतूस थंडावा मानवतो. म्हणूनच माणसांतहि तो त्वचा, कान, नाक व हातपाय धरतो. २०१६ सालीं ब्रिटिश बेटांतील तांबड्या खारींत, व २०२१ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील रानटी चिंपांझींत तो सांपडल्याचें प्रसिद्ध झालें. ह्याच रोगाचा दुसरा एक जंतु मेक्सिकोंतील रोग्यांत आढळला व २००८ सालीं त्याचें वर्णन झालें. तो जंतु कॅनडा व आर्जेंटिना येथील सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या मानवी अस्थींत होता, हें २०२५ सालीं सिद्ध झालें. म्हणजे युरोपीय लोक अमेरिकेंत पोंचण्यापूर्वींच हा रोग तेथें होता. ज्या रोगाचा दोष एक जात दुसऱ्या जातीवर, एक देश दुसऱ्या देशावर ढकलीत आला, त्याची वंशावळ कोणाहि एकाच्या दारीं नेऊन ठेवतां येत नाहीं.

४. औषधाची कथा

सह्याद्रींत कडू कवठ नांवाचा वृक्ष होतो. त्याच्या बियांचें तेल आपल्या देशांत फार प्राचीन काळापासून ह्या रोगावर लावीत. त्याच जातीचें चालमोगरा तेल पुढें पाश्चात्य वैद्यांनींहि घेतलें. परंतु पोटांत घेतल्यास ओकारी येई, आणि टोंचल्यास त्वचेखालीं गांठी होत. हवाई बेटांतील महाविद्यालयांत शिकविणारी ॲलिस बॉल ही कृष्णवर्णीय तरुणी रसायनशास्त्रज्ञ होती. तिनें त्या तेलांतील आम्लांना असें रूप दिलें कीं, तीं देहांत सहज मिसळूं लागलीं. १९१६ सालीं, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षीं ती वारली. आणि तिचें काम कांहीं काळ दुसऱ्याच्या नांवावर चाललें. आज तें तिच्या नांवानें ओळखलें जातें.

त्या तेलाची जागा पुढें डॅप्सोन ह्या द्रव्यानें घेतली. तें १९०८ सालींच तयार झालें होतें. परंतु त्याचा व त्याच्या वर्गांतील औषधांचा ह्या रोगावर उपयोग होण्यास १९४० नंतरचा काळ उजाडला. एकट्या डॅप्सोनला जंतु सरावूं लागले, तेव्हां १९८१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन व डॅप्सोन हीं औषधें एकत्र द्यावीं असें ठरविलें. तिघांचा मारा निरनिराळ्या ठिकाणीं होतो, म्हणून एकास चुकविणारा जंतु दुसऱ्याच्या हातीं सांपडतो. रोगाच्या प्रमाणानुसार हा उपचार ६ किंवा १२ महिने चालतो. १९९५ पासून हीं औषधें जगभर विनामूल्य मिळतात, आणि आजवर १ कोटी ६० लाखांहून अधिक लोक त्यांनीं बरे झाले आहेत. रिफॅम्पिसिननें लघवी तांबूस होते. क्लोफॅझिमिननें त्वचा कांहीं काळ काळवंडते व पुढें हळूहळू निवळते. हें आधींच ठाऊक असलें म्हणजे कोणी भिऊन गोळ्या सोडणार नाहीं.

नव्या औषधांचा शोधहि चालूं आहे. क्षयासाठीं निघालेलें बेडाक्विलिन हें औषध जंतूची शक्ति निर्माण करण्याची यंत्रणाच बंद पाडतें. ब्राझीलमध्यें ९ रोग्यांस तें ८ आठवडे दिलें, त्याचा वृत्तांत २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. चार आठवड्यांनंतर त्यांच्या त्वचेंतून घेतलेले जंतु उंदरांच्या पायांत वाढले नाहींत. नऊ ही संख्या लहान आहे. तरी आशेस जागा आहे.

५. रोग होण्यापूर्वींच

बांगलादेशांत रोग्यांच्या निकट सहवासांतील २१ हजारांहून अधिक लोकांवर एक मोठी परीक्षा झाली. तिचा निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाला. रिफॅम्पिसिनची केवळ एक मात्रा घेतलेल्यांत पहिल्या दोन वर्षांत रोगाचें प्रमाण ५७ टक्क्यांनीं कमी झालें. हा उपाय आपल्या शेजारच्या दादरा व नगर हवेलींतहि राबवून पाहण्यांत आला. आणि २०१८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्याची शिफारस केली. ही मात्रा क्षय वगैरे नाहीं अशी तपासणी झाल्यावरच देतात. परंतु ती घरच्यांस मिळावी, तर घरांत रोगी आहे हें प्रथम सांगावें लागतें. जो लपवितो तो आपल्या लेंकरांस ह्या संरक्षणास मुकवितो.

६. आपण काय करावें

२००५ च्या अखेरीस भारतांत रोग्यांचें प्रमाण दहा हजारीं एकाहून कमी झालें. पुष्कळांनीं त्याचा अर्थ रोग संपला असा केला. तो तसा नव्हता. मात्र तो संपूं शकतो, ह्याचा दाखला आहे. २०२४ सालीं जॉर्डन हा देश ह्या रोगापासून मुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें प्रमाणित केलें. असा तो पहिलाच देश.

चिन्हें सोपीं आहेत. फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यास खाज नाहीं आणि स्पर्श कळत नाहीं; हातापायांस मुंग्या किंवा बधिरपणा; पायांतली चप्पल नकळत निसटणें; डोळा पुरा न मिटणें; कानाच्या पाळ्या जाड व तेलकट दिसणें. ह्यांपैकीं एकहि चिन्ह दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रांत जावें, किंवा आशाताईंना सांगावें. प्रत्येक चट्टा कुष्ठरोगाचा नसतो. पण तें ठरविणें वैद्याचें काम आहे. ज्याचा हात किंवा पाय बधिर झाला आहे त्यानें तो रोज डोळ्यांनीं तपासावा.

लेवीय ह्या पुस्तकाच्या १३ व्या व १४ व्या अध्यायांतील वर्णनावरून कित्येकांच्या मनांत ह्या रोग्यांविषयीं किंतु राहतो. परंतु तेथें वस्त्रांस व घराच्या भिंतींसहि तोच शब्द लाविला आहे. म्हणून मूळ इब्री शब्द आजच्या कुष्ठरोगापुरता नाहीं, असें पंडितांचें मत आहे. त्या अध्यायांच्या आधारें आजच्या रोग्यास अशुद्ध ठरविणें हें अज्ञान होय. देशाच्या कायद्यानेंहि तें पाऊल मागें घेतलें आहे. रोग्यांस कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. आणि २०१९ सालीं ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यासह पांच कायद्यांतून कुष्ठरोग हें कारण काढून टाकण्यांत आलें. कायद्यानें दार उघडलें आहे. घराचें दार उघडणें आपल्या हातीं आहे.

विचारासाठीं प्रश्न

(१) जंतु दुबळा असतां ह्या रोगानें इतके हातपाय कां निकामी केले?
(२) बधिर चट्टा दिसलेल्या शेजाऱ्यास तुम्ही कोणत्या शब्दांत दवाखान्यांत जाण्यास सांगाल?
(३) बरा होऊन आलेल्या माणसास तुमच्या गांवांत पाण्यावर, पंक्तीस व कामावर कशी वागणूक मिळते? ती पालटण्यास ह्याच आठवड्यांत काय करतां येईल?