प्रकाशाचा वर्ण आणि औषधी वनस्पतींची वाढ

औषधे कोणत्या भूमीतील घ्यावीत हे सांगताना चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात एक अट घातली आहे: ती अधिक बलवान वृक्षांनी उपहत झालेली नसावीत. विद्यार्थिदशेत आपण ही अट पाठ करतो आणि पुढे जातो. प्रस्तुत लेखकही तसाच पुढे गेला होता. चिकित्सालयामागील तुळशीच्या वाफ्यावर उन्हाळ्यात हिरवी जाळी घातली आणि पावसाळा आला तरी ती काढली नाही. रोपे हातभर उंच झाली, पाहणाऱ्यांनी कौतुक केले. परंतु पान चुरडले असता गंध जेमतेम येई. तेव्हा या विषयाकडे लक्ष वळले.

सूर्यप्रकाशातील सर्व वर्ण वनस्पतीला सारखे नसतात. हरितद्रव्य मुख्यतः निळा (सुमारे ४३० ते ४५० नॅनोमीटर) व तांबडा (६४० ते ६८०) प्रकाश शोषते. हिरवा प्रकाश पूर्णतः वाया जातो, ही समजूत मात्र बरोबर नाही. पान त्याचाही बराच भाग शोषते आणि आतल्या थरांतील पेशींना तो उपयोगी पडतो.

परंतु प्रकाश हे वनस्पतीचे केवळ अन्न नव्हे. ती त्यावरून परिस्थितीही ओळखते. १९५२ साली अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील कृषी संशोधकांनी सॅलडच्या बियांवर केलेला प्रयोग या दृष्टीने मननीय आहे. तांबडा प्रकाश दिला की बी रुजे; लगेच गडद तांबडा (सुमारे ७३० नॅनोमीटर) दिला की रुजणे थांबे; पुन्हा तांबडा दिला की पुन्हा रुजे. कितीही वेळा आलटूनपालटून दिला तरी शेवटचा प्रकाश कोणता, यावरच निकाल ठरे. यामागील ग्राहकद्रव्याला पुढे फायटोक्रोम हे नाव मिळाले.

आता चरकाचार्यांच्या अटीकडे पुन्हा पाहू. मोठ्या वृक्षाची पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात, गडद तांबडा मात्र खाली जाऊ देतात. खालच्या रोपाला या बदललेल्या प्रमाणावरून शेजाऱ्याची सावली कळते. मग ते आपली शक्ती खोड लांबवण्यात खर्च करते. पाने विरळ व पातळ राहतात. निळा प्रकाश याच्या उलट काम करतो. तो रोप आटोपशीर ठेवतो, पर्णरंध्रे उघडतो आणि तो कमी पडला की खोड ताणते. आचार्यांना ही तरंगलांबी ठाऊक होती असा दावा करण्याचे कारण नाही. निरीक्षण अचूक होते, एवढे पुरे.

हिरव्या जाळीचे काय? तिचे धागे निळ्या व तांबड्या प्रकाशाचा काही भाग शोषतात, पण छिद्रांतून येणारा प्रकाश बदलत नाही. म्हणून तिचा मुख्य दोष वर्णाचा नसून मात्रेचा आहे. पन्नास टक्क्यांची जाळी म्हणजे निम्मा प्रकाश गेला. तुळशीच्या कुळातील वनस्पतींचे सुगंधी तैल पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत साठते. सब्जाच्या रोपांवरील प्रयोगांत सावलीत हे तैल घटल्याचे आणि अतिनील किरणांनी त्या ग्रंथी अधिक भरल्याचे आढळले आहे. काच हे किरण बरेचसे अडवते, पॉलिहाऊसचे अनेक प्लास्टिकही अडवते. तेथील टवटवीत तुळस पाहून भुलू नये.

सर्वच द्रव्यांना हा नियम लावता येणार नाही. पिप्पली नारळाच्या बागेत सावलीतच चांगली येते. तिला उघड्या उन्हात ठेवणे हा अत्याचार होईल. उलट नीमच-मंदसौरकडील अश्वगंधा उघड्या कोरडवाहू शेतातच घेतली जाते.

अलीकडे जांभळट दिवे लावून बंद खोलीत वनौषधी वाढवण्याच्या योजना घेऊन विक्रेते औषधनिर्मात्यांकडे येतात. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, दिवे स्वस्त झाले, रोपे जोमाने वाढतातही. पण वजन आणि वीर्य एकच नव्हे. अशा मालाची मागणी नोंदवण्यापूर्वी त्याच जातीच्या, त्याच वयाच्या, शेतात वाढलेल्या नमुन्याशी तैलांश व मुख्य घटकांची तुलना करून घ्यावी, आणि पुरवठादाराला एक साधा प्रश्न विचारावा: रोपावरची जाळी काढणीपूर्वी किती दिवस आधी काढली होती?