एका अक्षराची वही

चि. ओंकार यास,


तुझे पत्र मिळाले. दहावीपर्यंत सगळे विषय मराठीतून शिकलास आणि अकरावी सायन्सला एकदम फिजिक्स-केमिस्ट्रीची इंग्रजी पुस्तके पुढ्यात आली. वर्गात निम्मे डोक्यावरून जाते, यात नवल नाही. त्यावर तू काढलेला तोडगा असा: आठवड्याला एक अक्षर, रोज त्या अक्षराचे दहा शब्द पाठ, असे ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत. निवृत्त इंग्रजी शिक्षिकेला मत विचारलेस, तेव्हा पत्र लांबणार हे गृहीत धर.

वही जरूर कर. पण ‘पहिले अक्षर सारखे’ एवढ्याच नात्यावर शब्द गोळा करू नकोस. वर्णक्रम आहे तो शब्द सापडावा म्हणून. तो लक्षात राहावा ही त्याची जबाबदारीच नाही. रॉबर्ट कॉड्री यांचा १६०४ सालचा छोटा कोश इंग्रजीतला पहिला एकभाषी शब्दकोश मानतात. त्यात अडीच हजारांच्या आसपास शब्द होते. वर्णक्रमाची मांडणी वाचकांना इतकी नवी होती, की ‘ए’चा शब्द पुस्तकाच्या सुरुवातीला शोधा आणि ‘व्ही’चा शेवटाकडे, हेही कॉड्री यांनी प्रस्तावनेत समजावून सांगितले. पुढे १८५२ मध्ये पीटर मार्क रोजे यांनी आपला ‘थिसॉरस’ अर्थाच्या गटांनुसार लावला. मनात अर्थ आहे पण शब्द सुचत नाही, अशा माणसाला वर्णक्रमाचा काय उपयोग?

तू माल्कम एक्स यांचे उदाहरण दिले आहेस. ते खरेच आहे. अमेरिकेत तुरुंगात असताना त्यांनी शब्दकोशाचे पहिले पान विरामचिन्हांसकट हाताने उतरवले, मोठ्याने वाचले आणि मग पुढची पाने घेतली, असे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. पण ते याकडे कशामुळे वळले, तेही बघ. त्यांना पत्रे लिहायची होती आणि मनातले कागदावर उतरत नव्हते. पुस्तके उघडली की वाक्यावाक्याला अनोळखी शब्द अडत होते. कोश उतरवून झाल्यावर ते पुस्तकांवर तुटून पडले. नुसती ‘ए’ची यादी पाठ करून त्यांचे काम भागले नसते.

शिवाय तुझ्या वेळापत्रकात एक हिशेबाची चूक आहे. इंग्रजी कोशात सगळ्यात जास्त जागा ‘एस’ खातो. ‘सी’ आणि ‘पी’ही दांडगे आहेत. ‘एक्स’ आणि ‘झेड’ मात्र चार पानांत आटोपतात. सगळ्यांना एकेक आठवडा दिलास, तर ‘एक्स’च्या आठवड्यात परीक्षेच्या कामाचे किती शब्द मिळतील?

आता खरा धोका सांगते. एका अक्षराचे शब्द एकाखाली एक लिहिले की दिसायला सारखे शब्द शेजारी येतात आणि एकमेकांत मिसळतात. ‘अडॅप्ट’ म्हणजे जुळवून घेणे, ‘अडॉप्ट’ म्हणजे दत्तक घेणे किंवा स्वीकारणे. एकाच दिवशी दोन्ही पाठ केलेस तर पेपरात हमखास अदलाबदल होईल. केमिस्ट्रीत ‘ॲब्सॉर्प्शन’ म्हणजे पदार्थ आत शोषला जाणे आणि ‘ॲडसॉर्प्शन’ म्हणजे तो पृष्ठभागावरच धरला जाणे. फरक एका अक्षराचा, पण गुण जायला तेवढा पुरतो. असे जुळे शब्द दिसले की एक आज घे. तो अंगवळणी पडला की मगच दुसऱ्याला हात लाव.

मग अक्षराचा उपयोग कुठे? एका अक्षराखालचे पुष्कळ शब्द उपसर्गामुळे तिथे आलेले असतात. ‘आर’मध्ये ‘री’ने, ‘पी’मध्ये ‘प्रो’ आणि ‘प्री’ने, ‘सी’मध्ये ‘कॉन’ने गर्दी केलेली असते. उपसर्ग तुला नवे नाहीत. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार हे तू शाळेत घोकले आहेस. तीच नजर इंग्रजीकडे वळव.

यंदा तुला ‘प्रोजेक्टाइल’ आहे. ‘प्रो’ म्हणजे पुढे, ‘जेक्ट’ म्हणजे फेकणे. दहावीला उपग्रह प्रक्षेपक शिकलास, त्यातही ‘प्र’ आणि ‘क्षेप’, म्हणजे पुन्हा पुढे फेकणेच. हे ‘प्रो’ आणि आपले ‘प्र’ मुळात एकाच घराण्यातले. ‘जेक्ट’ ओळखीचा झाला की ‘इंजेक्शन’ आणि ‘रिजेक्ट’ही उलगडतात. ‘रिफ्रॅक्शन’ म्हणजे अपवर्तन. त्यातला ‘फ्रॅक्ट’ मोडण्याचा आहे, म्हणून तोच हाड मोडल्यावर ‘फ्रॅक्चर’मध्ये आणि अपूर्णांकाच्या ‘फ्रॅक्शन’मध्ये भेटतो. ‘रिपल्शन’, ‘इम्पल्स’, ‘प्रोपेलर’ आणि डॉक्टर बघतात ती ‘पल्स’ हे सगळे ढकलण्याच्या कुळातले. बघ, सुरुवात ‘पी’पासून केली आणि ‘आय’, ‘आर’, ‘एफ’ या अक्षरांत आपोआप जाऊन आलो. पहिले अक्षर दाराइतके समज. आत गेल्यावर त्याच्यापाशी रेंगाळायचे नसते.

अशी फोड जुळ्या शब्दांतही कामी येते, जसे ‘कॉन्केव्ह’ आणि ‘कॉन्व्हेक्स’. दोन्ही ‘कॉन’चे, म्हणून गोंधळ. पण ‘कॉन्केव्ह’मध्ये ‘केव्ह’ म्हणजे गुहा बसलेली आहे. गुहा आत गेलेली, म्हणून तो अंतर्गोल. आता चुकशील का?

काही शब्दांत उपसर्ग नसतो, पण सुरुवातीचा ध्वनीच अर्थ सुचवतो. ‘ग्लो’, ‘ग्लिटर’, ‘ग्लीम’, ‘ग्लेअर’ हे सगळे प्रकाशाचे. ‘स्नीझ’, ‘स्नोअर’, ‘स्निफ’, ‘स्नाउट’ हे सगळे नाकाचे. मराठीत चमचम, चकचक, चकाकी म्हणतो तसेच काहीसे. हा नियम नाही, ‘ग्लू’ म्हणजे डिंक आणि त्यात प्रकाश नाही. पण असे गट एकदा कानात बसले की सहसा जात नाहीत.

तेव्हा वही अशी कर. अक्षर तुझ्या फिजिक्सच्या धड्यातून निवड, कोशातून नको. धड्यात अडलेले चार-पाच शब्द घे, दहाचा हट्ट नको. प्रत्येकाचा उपसर्ग आणि धातू वेगळा लिही, शेजारी दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द आणि खाली स्वतःचे एक इंग्रजी वाक्य. जुन्या तर्खडकर भाषांतर पाठमालेत थोडे शब्द दिले की लगेच वाक्ये करायला लावत. ती शिस्त आजही चालते. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने अर्थ झाकून स्वतःला विचार. जो शब्द आठवला नाही त्यावर खूण कर आणि तो पुन्हा घे.

मराठीतून शिकल्याची खंत तुझ्या पत्रात दोन ठिकाणी डोकावली. ती सोड. अपवर्तन, परावर्तन, प्रक्षेपक हे शब्द फोडून समजून घेतलेल्या मुलाला इंग्रजी शब्द फोडता येतो. ज्याने नुसता पाठ केला त्याला हे जमायला वेळ लागतो.

पुढच्या पत्रात ‘आर’चे पान पाठव. त्यात ‘रेझिस्टन्स’ आणि ‘रिकॉइल’ फोडून लिहिलेले असू देत, आणि वाक्ये तुझी स्वतःची. गाइडमधली आणलीस तर मला लगेच कळेल.

वहिनींना नमस्कार. डबा वेळेवर खात जा.

तुझी,
आत्या